मुंबईचा प्लेग आणि मोबाईलवरचा स्लायडर



२०२० चा एप्रिल महिना आठवा. घरात बसून आपण सगळेच मोबाईलवर आकडे बघत होतो. त्या दिवसांत एका प्रकारच्या लिंक बऱ्याच फिरल्या. उघडलं की एक आलेख दिसायचा आणि त्याच्या आजूबाजूला आडव्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर एक गोल बटण. 'एक रुग्ण किती जणांना लागण देतो' या पट्टीवरचं बटण बोटाने डावीकडे सरकवलं, की साथीचा डोंगर बसका व्हायचा. उजवीकडे नेलं, की तो टोकदार होऊन वर जायचा. गॅब्रिएल गो या संगणक-संशोधकाचं 'एपिडेमिक कॅल्क्युलेटर' हे त्यातलं एक गाजलेलं पान. 'डॉक्टर, हे बटण दोनवर ठेवलं तर आपल्या तालुक्यात किती पेशंट होतील?' असं तेव्हा मला डझनभर लोकांनी तरी विचारलं असेल.

या बटणाला स्लायडर म्हणतात. आज हृदयविकाराचा धोका सांगणाऱ्या ॲपपासून सरकारी डॅशबोर्डपर्यंत तो सगळीकडे आहे, आणि त्याच्याकडे बघून लोक औषध घ्यायचं की नाही इथपर्यंतचे निर्णय घेऊ लागले आहेत. तो आला कुठून आणि त्याच्यावर भरवसा किती ठेवायचा, हे आज बघू. थोडं गणित येईल, पण घाबरू नका. गोष्ट सुरू होते ती मुंबईत.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी एक तापाचा रुग्ण पाहिला आणि हा ब्युबॉनिक प्लेग, म्हणजे गाठीचा प्लेग आहे, असं निदान केलं. पुढे पुण्यात काय झालं ते आपण शाळेत शिकलो आहोत. रँडचा वध, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना झालेला सावित्रीबाईंचा मृत्यू, हा इतिहास इथे पुन्हा सांगत नाही. मला सांगायचं आहे ते त्यातलं एक कोरडं प्रकरण: मृत्यूंची मोजदाद. प्लेग एकदा येऊन गेला नाही. तो दर हिवाळ्यात परत यायचा आणि उन्हाळ्यात ओसरायचा. दर आठवड्याला किती माणसं गेली याची नोंद मुंबईत होत होती. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशनचे लोक उंदीर पकडून त्यांच्या अंगावरच्या पिसवा मोजत होते. (ती प्रयोगशाळा म्हणजे आजची हाफकिन संस्था.) पिसवांमधून प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्येच मांडलं होतं, परळच्या कामाने ते पक्कं झालं.

या मोजदादीतला एक तुकडा, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले मुंबई बेटावरचे प्लेगचे साप्ताहिक मृत्यू, वीस वर्षांनी एडिंबरामध्ये दोन माणसांच्या टेबलावर पोहोचला. त्यातले अँडरसन मॅकेंड्रिक हे डॉक्टर. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केलं होतं. दुसरे विल्यम केरमॅक हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांच्या डोळ्यांत दाहक अल्कली गेलं आणि दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. वय होतं २६. त्यानंतर सगळं गणित ते मनात करत. आलेखाच्या इतिहासातली एक पायाभूत वक्ररेषा ज्यांनी मांडली त्यांच्यापैकी एकाला ती कधी दिसली नाही, हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ थांबलो होतो.

१९२७ साली या दोघांचा निबंध रॉयल सोसायटीने छापला. कल्पना साधी आहे. गावातल्या माणसांचे तीन गट करा: ज्यांना लागण होऊ शकते ते, ज्यांना लागण झाली आहे ते, आणि जे या खेळातून बाहेर पडले ते (बरे झालेले किंवा दगावलेले). पहिल्या गटातून दुसऱ्यात माणसं किती वेगाने जातात हा एक आकडा, दुसऱ्यातून तिसऱ्यात किती वेगाने जातात हा दुसरा. बस्स. या दोन आकड्यांवर साथीचा आकार ठरतो. सुरुवातीला साथ वाढते, मग लागण होऊ शकणारी माणसं कमी पडायला लागतात आणि ती उतरते. या सूत्रातून त्यांनी घंटेच्या आकाराची रेषा काढली आणि मुंबईच्या मृत्यूंवर ठेवली. ती सुरेख बसली. सतराव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे एप्रिल १९०६ च्या मध्यात, आठवड्याला सुमारे ८९० मृत्यूंचं शिखर, आणि जुलैपर्यंत जवळपास शून्य.

२०२० च्या त्या पानांवरचे स्लायडर नेमके हेच आकडे सरकवत होते. नवीन पानांनी एखाददुसरा गट वाढवला, जसं की लागण झाली पण लक्षणं यायची आहेत असे लोक. सांगाडा मात्र १९२७ चा. लागणीचा वेग भागिले बरं होण्याचा वेग केला की येतो तो 'आर-नॉट', एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो तो आकडा. हा आकडा १.२ असेल तर सूत्राप्रमाणे शेवटी सुमारे ३१ टक्के लोकांना लागण होते, १.५ असेल तर सुमारे ५८ टक्के, आणि २ असेल तर सुमारे ८० टक्के. आता हे पट्टीवर ठेवून बघा. १.२ पासून १.५ पर्यंत बोट जेमतेम हलतं आणि लागण जवळजवळ दुप्पट होते. पुढे दोनपासून तीनपर्यंत तिप्पट अंतर सरकवलं तरी एवढा फरक पडत नाही. पट्टीवरच्या खुणा सारख्या अंतरावर असतात, परिणाम तसे नसतात. हे आकडे तोंडाने सांगून कळत नाहीत, बटण हलवून लगेच कळतात. स्लायडरचं खरं सामर्थ्य तेच.

पण मुंबईच्या रेषेत एक गोम आहे. त्या घंटेखालच्या सगळ्या आठवड्यांची बेरीज केली तर सुमारे ८,९०० मृत्यू होतात. १९०१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांवर होती. तेव्हा प्लेग झालेल्यांपैकी बहुतेक जण दगावत. म्हणजे त्या मोसमात शहरातल्या फार तर शंभरातल्या एक-दोन माणसांना प्लेग झाला. मग 'लागण होऊ शकणारी माणसं कमी पडली म्हणून साथ उतरली' हे कसं खरं असेल? अट्ठ्याण्णव टक्के शहर तर शिल्लक होतं. साथ उतरली ती ऊन तापल्यावर पिसवा कमी झाल्या म्हणून, उंदीर मेले म्हणून. परळच्या लोकांनी पिसवा मोजून हे दाखवलं होतं. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनाही हे ठाऊक होतं. आपली गृहीतकं इथे काटेकोरपणे लागू पडत नाहीत आणि हा फक्त ढोबळ अंदाज आहे, असं त्यांनी निबंधातच लिहून ठेवलं आहे. पुढच्या पुस्तकांनी आलेख उचलला आणि ती ओळ गाळली. रेषा ठिपक्यांवर बसली म्हणजे कारणही बरोबर, असं होत नाही. ताप उतरला म्हणजे आपल्याच गोळीने उतरला, असं म्हणणाऱ्या डॉक्टरसारखंच ते.

आता बटणाकडे वळू. गणित १९२७ चं, पण ते बोटाखाली आलं १९९० च्या दशकात. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन आणि त्यांचे विद्यार्थी माहिती शोधण्याची नवी पद्धत बसवत होते. १९९२ मध्ये त्यांनी घरं शोधण्याचा एक प्रोग्रॅम केला: वॉशिंग्टनचा नकाशा, विकायला असलेल्या प्रत्येक घराचा एक ठिपका, आणि बाजूला किंमत, खोल्या, अंतर यांचे स्लायडर. बटण हलवलं की ठिपके लगेच दिसायचे आणि मावळायचे. श्नायडरमन यांचा आग्रह एकच होता, की पडदा सेकंदाच्या दहाव्या भागात बदलला पाहिजे. उशीर झाला की माणूस खेळणं सोडतो.

लगेचच, १९९४ मध्ये, त्याच गटातल्या कॅथरीन प्लेझाँ आणि विनीत जैन यांनी हे तंत्र आरोग्याला लावलं. अमेरिकेच्या नकाशावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं प्रमाण, आणि खाली वर्षाचा स्लायडर. बटण सरकवत जा आणि कोणते भाग उजळतात, कोणते फिके होतात ते बघा.

हे वाचताना मला आपल्या शेजारचं बार्शी आठवतं. त्याच कर्करोगाची, पण खेड्यातल्या बायकांमधली मोजणी तिथे १९८७ पासून सुरू होती. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांची ती ग्रामीण कर्करोग नोंदणी. यातलं भूम तर आपल्या बीड जिल्ह्याला लागूनच आहे. खेड्यातली बाई अंगावरून पांढरं किंवा लाल जातंय म्हणून दवाखान्यात येत नाही, हे ओळखून नोंदणीची माणसंच गावोगाव जाऊन लक्षणं विचारत. त्याच भागातल्या कामाच्या पायावर पुढे उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांची चाचणी-योजना उभी राहिली. २००९ साली तिचे निष्कर्ष आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, आणि तपासणी न केलेल्या गटात ६४. (दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर नंतर बराच वाद झाला, आणि व्हायलाच हवा होता.) मेरीलँडकडे नकाशा सरकवायला बटण होतं. बार्शीकडे बटण नव्हतं, पण पायी फिरून जमवलेला आकडा होता. माझ्या मते या दोन्हींत अवघड काम बार्शीचं.

स्लायडर जगभर पोहोचवला तो पुन्हा एका डॉक्टरने. स्वीडनचे हान्स रोसलिंग. त्यांनी १९७२ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला होता, आणि इथले विद्यार्थी आपल्यापेक्षा हुशार आहेत हे तिथे पहिल्यांदा कळलं, असं ते मोकळेपणाने सांगत. त्यांचा मुलगा ओला आणि सून ॲना यांनी एक प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक देश म्हणजे एक फुगा, आणि खाली वर्षांचा स्लायडर. २००६ च्या त्यांच्या भाषणात हे फुगे पळताना लोकांनी पाहिले आणि पुढच्याच वर्षी गूगलने तो प्रोग्रॅम विकत घेतला.

इकडे संशोधकांसाठी पायथन भाषेत आलेख काढण्याचं 'मॅटप्लॉटलिब' हे साधन जॉन हंटर यांनी २००३ मध्ये आणलं. ते मेंदूचे अभ्यासक. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत-संकेत नीट बघता यावेत म्हणून त्यांनी ते लिहायला घेतलं होतं. २०१२ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरच्या उपचारातल्या गुंतागुंतीने ते गेले. त्या साधनात आज चार ओळी लिहून स्लायडर लावता येतो. ब्राउझरमध्ये तर 'रेंज' प्रकारचा इनपुट ही एकच ओळ पुरते. कोणाच्या घरी बारावीतला मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांच्याकडून करून बघा. पट्टीला चार गोष्टी सांगायच्या: कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, सुरुवातीला बटण कुठे, आणि एका वेळी किती सरकायचं. बटण हललं की ब्राउझर तुमच्या लिहिलेल्या फंक्शनला हाक मारतो, ते नव्या आकड्याने गणित पुन्हा करतं आणि जुनी रेषा पुसून नवी काढतं. केरमॅकनी मनात केलेलं गणित आता मोबाईल सेकंदात साठ वेळा करू शकतो.

यातली चौथी गोष्ट, एका वेळी किती सरकायचं, तिला 'स्टेप' म्हणतात. प्रोग्रॅम लिहिणारा ती सहज ठरवतो. माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळा तिथे होतो.

समजा भारताच्या लोकसंख्येचा आलेख आहे आणि वर्षाचा स्लायडर आहे. आपल्याकडे मोजणी दर दहा वर्षांनी. १९११ ला सुमारे २५.२१ कोटी, १९२१ ला सुमारे २५.१३ कोटी. स्टेप एक वर्षाची ठेवली तर मधल्या नऊ वर्षांसाठी प्रोग्रॅमला काहीतरी दाखवावं लागतं. बहुतेक वेळा तो दोन टोकांना सरळ रेषेने जोडतो. तुम्ही बटण हळूहळू सरकवता आणि दिसतं, की दहा वर्षांत काहीच घडलं नाही, फक्त किंचित उतार. प्रत्यक्षात मधे १९१८ आहे. त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाने एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसं गेली. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. गुळगुळीत स्लायडरवर १९१८ हे वर्ष आहे, पण साथ नाही.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं आहे आणि बोचरं आहे. बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ८९४ होत्या. २०११ मध्ये ८०७, राज्यातल्या सगळ्यात वाईट आकड्यांपैकी एक. स्टेप एक ठेवून बटण २००६ वर आणा, पडद्यावर ८५० येईल. हा आकडा कोणीही मोजलेला नाही. सोनोग्राफी यंत्रं कोणत्या वर्षी कोणत्या तालुक्यात पोहोचली, घसरण कधी सुरू झाली, कोणत्या वर्षी ती सगळ्यात तीव्र होती, यातलं काहीही त्या ८५० मध्ये नाही. पण तो आकडा इतका नेमका दिसतो, की पुढचा माणूस तो अहवालात घालतो. परळीचं प्रकरण २०१२ मध्ये एका बाईच्या मृत्यूने बाहेर आलं. त्याआधीची वर्षं या आलेखावर एक शांत उतार आहेत. असा स्लायडर करणाऱ्याने बटण फक्त मोजलेल्या वर्षांवर थांबेल अशी सोय करावी. ते अगदी सोपं आहे. मधली वर्षं दाखवायचीच असतील तर तुटक रेषेने दाखवावीत. रोसलिंग यांच्या संस्थेनेही कुठले आकडे मोजलेले आणि कुठले अंदाजाचे, हे लिहून ठेवलं आहे. पळणाऱ्या फुग्याकडे बघताना ते कोणी वाचत नाही, एवढंच.

म्हणजे स्लायडर दोन जातींचे झाले. एक काळाचा, जो नोंदींवरून सरकतो. दुसरा गृहीतकाचा, जो 'असं झालं तर' म्हणतो. दिसायला दोघं सारखेच. तुम्ही ओपीडीत मोबाईल पुढे करून दाखवता ते हृदयविकाराच्या धोक्याचं ॲप दुसऱ्या जातीचं. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट, आणि उत्तर म्हणून पुढच्या दहा वर्षांतला टक्का. अशा गणितांचा एक मोठा पाया म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं फ्रेमिंगहॅम गाव. १९४८ मध्ये तिथल्या ५,२०९ लोकांची नोंद सुरू झाली. बहुतेक सगळे युरोपीय वंशाचे. आपल्या लोकांना हृदयविकार लवकर होतो, बारीक अंगकाठीलाही मधुमेह गाठतो, त्यामुळे तो टक्का आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

याहून महत्त्वाचं दुसरं. रक्तदाबाचं बटण १६० वरून १३० वर नेलं आणि धोका निम्म्यावर आला असं दिसलं, तर तो तुमचा उद्याचा धोका नाही. ज्यांचा दाब १३० होता अशा दुसऱ्या माणसांचा तो आहे. गोळ्यांनी १३० वर आणलेल्या माणसाचा फायदा खरा असतो, मी तो रोज बघतो. पण तो किती, हे औषधांच्या चाचण्यांतून कळतं, बटणातून नाही. उलट बाजूही आहे. बटण हलवून 'धोका फक्त सहा टक्के' असं पाहिल्यावर गोळी बंद करणारेही भेटतात. कृपा करून तसं करू नका. ॲप दाखवा, आपण दोघं मिळून बघू, पण गोळी चालू ठेवा.

शेवटी काळाच्या स्लायडरबद्दल आपल्या जिल्ह्यापुरतं एक. २०११ ची माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. फेब्रुवारीत बीडमधली कोयत्यांची गावं रिकामी असतात. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन गेलेली कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर, कोप्यांत राहत असतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परतत नाहीत. जनगणनेचा नियम असा, की मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नाही तो घरच्या यादीत धरायचा नाही, जिथे असेल तिथे मोजायचा. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे सहापैकी एक. कोणत्या वर्षी किती, हे दाखवायला या आकड्याखाली वर्षांची पट्टी जोडताच येत नाही, कारण त्याआधी कोणी मोजलंच नव्हतं.

पुढच्या जनगणनेची तारीख जाहीर झाली आहे: १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीची स्थिती, म्हणजे माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीत. घरांची यादी मात्र त्याआधी, एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात. तेव्हा आपले लोक गावात असतील.